कोमट फेस

दाढी राखावी की काढावी, यावर आपल्या समाजात जेवढे बोलले गेले आहे, त्याच्या शतांशानेही दाढी करताना गालाला लावायच्या फेसाविषयी कोणी बोललेले नाही. बोलण्यासारखे त्यात आहे तरी काय, असे कोणालाही वाटेल. ब्रश भिजवला, साबणावर फिरवला, गालाला लावला, पाच मिनिटांत काम उरकले. स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्याला फेस गार झाला काय आणि कोमट राहिला काय, फारसे बिघडत नाही. दुसऱ्याची, त्यातही आजारी आणि म्हाताऱ्या माणसाची दाढी करायची वेळ आली, की मात्र या फेसाची किंमत कळते.

आमच्या अब्बांना चार वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा गाल सैल पडला आणि बधिरही झाला. मालेगावच्या यंत्रमागावर ४० वर्षे काढलेला हा माणूस. आमच्या गावात माग शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी सकाळी मोरीजवळच्या खिळ्याला आरसा टांगायचा, दाढी करायची, मिशी कातरायची, गुसल करून धुतलेला कुर्ता घालायचा, अत्तराचा फाया कानात ठेवायचा आणि जुम्म्याला निघायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. दाढी त्यांनी कधी राखली नाही. तो त्यांचा आणि अल्लाहचा मामला.

लकव्यानंतर मोहल्ल्यातले बुजुर्ग विचारपूस करायला आले. त्यांतले एक म्हणाले, "अब दाढी छोड दो मियाँ. अल्लाह ने मौका दिया है." त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरात थोरले भाई म्हणाले, "वैसे भी, हर हफ्ते करेगा कौन?" एकाच्या बोलण्यात दीन होता, दुसऱ्याच्या बोलण्यात अडचण होती, निष्पन्न मात्र एकच होत होते. अब्बा काही बोलले नाहीत. डाव्या हाताने गालावरचे खुंट चाचपत राहिले. पुढच्या जुम्म्याला सकाळी त्यांनी त्याच हाताने आरशाकडे बोट केले.

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. दाढीच्या मसल्यावर फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही, आणि दाढीचे मोल आम्ही कमीही लेखत नाही. पण कोणत्याही अमलाला आधी नियत लागते, एवढे मदरशातले लहान मूलही जाणते. हात चालत नाही म्हणून वाढलेली दाढी ही राखलेली दाढी नव्हे. ती त्या माणसाची लाचारी झाली. लाचारीला सवाबाचे नाव देऊन आपली मेहनत वाचवणे आम्हाला पटले नाही. दाढी आम्हीच करायची ठरवले.

मोहल्ल्यातले जुने हज्जाम चाचा आता दुकानात बसत नाहीत, मुलांचे सलून झाले आहे. त्यांना घरी बोलावले. त्यांनी अब्बांचा गाल बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "मास्टर, उस्तरा बाद में. पहले झाग सँभालो. झाग ठंडा हुआ तो मरीज का जबडा अकड जाता है."

चाचांनी सांगितले ते अनुभवाचे होते. आजारी माणसाची दाढी पाच मिनिटांत होत नाही. सैल पडलेला गाल बोटाने ताणून धरावा लागतो, मधे थांबून लाळ पुसावी लागते, मान दुखली की उशी बदलावी लागते. २० मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात फेस गार होतो आणि वाळतो. वाळलेल्या फेसावर पाते सरकत नाही, ओढत जाते. अब्बांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. जरा कुठे कापले, तर फिटकरी दाबून धरली तरी रक्त लवकर थांबत नाही. त्यामुळे फेस ओला आणि कोमट ठेवणे ही आमच्या घरी चैन नाही, गरज आहे.

फेस इतक्या लवकर गार का होतो, हे समजायला मोठे शास्त्र लागत नाही. फेस दिसतो भरपूर, पण त्यात बहुतेक हवाच असते. हवेच्या बुडबुड्यांभोवती साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा, एवढेच. पाणी उष्णता पुष्कळ धरून ठेवते, हवा फार थोडी धरते. गालावर पसरलेला फेस आपली ऊब मिनिट-दोन मिनिटांत गमावतो. शिवाय त्यातले पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. उर्दू पुस्तकात याला 'तबखीर' म्हणतात, मराठी पुस्तकात 'बाष्पीभवन'. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हिवाळ्यात फेसही गार होतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा तर बोलायलाच नको.

चाचांची युक्ती साधी. पितळेची कटोरी घ्यायची आणि ती गरम पाण्याच्या पातेल्यात बसवायची. पातेल्यातले पाणी कटोरीच्या निम्म्यापर्यंतच, नाहीतर कटोरी तरंगून कलंडते. पितळेतून उष्णता चटकन आत येते. मात्र तीच कटोरी नुसती फरशीवर ठेवली, तर तितक्याच चटकन ऊब बाहेर जाते. चिनी मातीच्या जाड पेल्याचे उलटे. तो तापायला वेळ घेतो आणि गार व्हायलाही. पेला वापरायचा असेल तर त्यात आधी उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे, मग ओतून फेस करावा. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात यासाठी खास भांडे निघाले होते. चोचीच्या पेल्यात गरम पाणी, वर साबणाची जागा. आमच्या पातेल्याचे तत्त्व वेगळे नाही.

गरम पाणी चहाच्या थर्मासमध्ये भरून जवळ ठेवावे. पातेले कोमटले की थोडे काढून थोडे नवे घालावे. फेसाची कटोरी कधीही शेगडीवर ठेवू नये. बुडबुडे फुटतात आणि साबण भांड्याला चिकटतो. फेस एकदम सगळ्या चेहऱ्याला फासू नये. आधी एक गाल, तो संपला की कटोरीतून ताजा फेस घेऊन दुसरा. बोअरचे जड पाणी असेल तर फेस नीट उठत नाही, साका धरतो. पाणी आधी उकळून, निवळून घेतले तर बराच फरक पडतो.

ब्रशचीही एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. बाजारातले बरेच ब्रश डुकराच्या केसांचे असतात. ते आपल्या घरात चालायचे नाहीत. आम्ही नायलॉनचा आणला. नायलॉन केसांइतके पाणी धरत नाही, म्हणून ऊबही कमी धरतो. त्यामुळे दर वेळी तो गरम पाण्यात बुडवून, हलकेच झटकून वापरतो. पुतण्याने मुंबईहून फेसाचा डबा आणला होता. दाबले की ढगासारखा फेस येतो, पण लागतो गार. आणि तो डबा गरम पाण्यात ठेवणे धोक्याचे. आत दाबाने भरलेला वायू असतो.

सर्वांत नाजूक गोष्ट बधिर गालाची. त्या बाजूला गरम लागले तरी अब्बांना कळत नाही. भाजले तरी कळणार नाही. म्हणून फेस आधी आमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, मग त्यांच्या डाव्या गालाला. "गरम तो नहीं, अब्बा?" ते पापणी मिटून 'नाही' म्हणतात. त्यानंतरच उजवा गाल. फेस दोन-तीन मिनिटे तसाच ठेवतो. केस पाणी पितात, मऊ होतात, आणि आवळलेला जबडा हळूहळू सैल होतो. तो सैल झालेला आमच्या बोटांना कळतो. मग पाते लावायचे.

आता थोरले भाईही थर्मास भरून आणतात. ते बुजुर्ग जुम्म्याच्या वाटेवर डोकावतात, पूर्वीचे बोलत नाहीत. कधी पातेल्यात बोट बुडवून "पानी बदलो, ठंडा हो गया" एवढेच म्हणतात.

फेसाला स्वतःची ऊब नसते. खालच्या पाण्याची ऊब त्याला मिळत असते, आणि ते पाणी कोणीतरी पुन्हा पुन्हा बदलत राहावे लागते. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस खाटेवर आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. उद्या अब्बांच्या मनात आले आणि त्यांनी दाढी राखायचे ठरवले, तर आम्ही कटोरी घासून फडताळात ठेवून देऊ आणि त्यांच्या दाढीला कंगवा करू. पण ते ठरवायचे अब्बांनी. तोवर दर जुम्म्याला पाणी तापवायचे काम आमचे.