अर्धी हजेरी

गवंडी कामचुकार असतो, असं मी निदान दहा वर्षं मानलं. लातूरला साइटवर देखरेखीला होतो. संध्याकाळी थर मोजायचे, विटांचा हिशेब करायचा आणि आकडा पाचशेच्या खाली गेला की हजेरीबुकात अर्धी हजेरी मांडायची. वर ऐकवायचं, ‘मिस्त्री, तंबाखू मळायचे पैसे नाहीत मिळत इथं.’

२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्यांना आठवतं. आमच्या साइटवरचं पाणी त्याच्या कितीतरी आधी आटलं होतं. टँकर कधी दहाला यायचा, कधी बाराला. वीट भिजवल्याशिवाय लावता येत नाही. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. म्हणजे गवंडी आठला हजर आणि पहिली वीट बसायची जेवणाच्या तोंडावर, ऐन उन्हात. अर्धी हजेरी मात्र त्याची.

शेवटी काम थांबलं आणि मला नांदेडला पाठवलं. त्यातलाच एक मिस्त्री तिकडे आला. तिथं बोअर चालू होतं, विटा आदल्या रात्रीच हौदात पडायच्या. तिसऱ्या दिवशी त्याचे थर मोजले, खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजले. सातशेच्या वर. माणूस तोच, थापी तीच.

सगळं पाण्याच्या नावावर टाकून मी मोकळा झालो असतो. पण भिंत छातीच्या वर गेली आणि आकडा परत घसरला. तेव्हा पहिल्यांदा घड्याळ घेऊन परांचीजवळ बसलो. दोन गवंड्यांमागं मी एकच बिगारी बाई दिली होती. ती घमेलं घेऊन वर येईपर्यंत दोघंही रिकामे. विटा पायाशी टाकलेल्या, म्हणून प्रत्येक विटेला कमरेतून वाकणं. एक हजेरी वाचवायच्या नादात मी दोन मिस्त्र्यांचे तास घालवत होतो. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथनं शंभर वर्षांपूर्वी हेच हेरलं होतं. तो स्वतः वीटकाम शिकलेला. त्यानं विटा कमरेच्या उंचीवर आणल्या, एका विटेमागच्या १८ हालचाली पाचावर आणल्या, आणि तासाला १२० विटा लागायच्या तिथं ३५० लागू लागल्या. डिप्लोमाला हे नाव आम्ही पाठ केलं होतं. परीक्षेपुरतं.

कोपऱ्यावर मिस्त्री फार रेंगाळतो, ही माझी आणखी एक जुनी तक्रार. ओळंबा सोडायचा, वीट काढायची, परत बसवायची. एकदा डाफरलो, तर मान वर न करता म्हणाला, ‘साहेब, मी औशाकडचा. कोपरा उघडल्यावर काय होतं ते बारा वर्षांचा असताना बघितलंय.’ किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. पुढं काय बोलणार? एका दिवसात भिंत दीड मीटरहून जास्त चढवू नये, हा मानकातलाच दंडक; गुत्तेदाराच्या घाईपायी तो मोडायला लावणारा मीच होतो.

आता वहीत विटांच्या आकड्याआधी पाणी किती वाजता आलं आणि पहिला माल कधी कालवला, ते लिहितो. लातूरच्या हजेरीबुकातल्या त्या कापलेल्या हजऱ्या मात्र मी अजून कुणाला परत दिलेल्या नाहीत.