काटा आणि कंप

इंग्रजीतील ‘टेरर’ आणि ‘हॉरर’ हे दोन्ही शब्द मराठी समीक्षेत बहुधा ‘भय’ या एकाच खात्यावर जमा होतात. ॲन रॅडक्लिफच्या मरणोत्तर, १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मात्र ही दोन विरुद्ध टोके आहेत. टेररने चित्त विस्तारते, हॉररने ते आकसून गोठते. संदिग्धता हे पहिल्याचे बळ.

व्युत्पत्ती या भेदाला वेगळाच आधार पुरवते. टेररमागील लॅटिन क्रियापदाच्या मुळाशी कंप आहे, हॉररमागील क्रियापदात अंगावर उभे राहणारे केस. एकाचा सगोत्र संस्कृत धातू ‘त्रस्’, दुसऱ्याचा ‘हृष्’. म्हणजे आपला ‘त्रास’ टेररचा भाऊबंद आणि ‘हर्ष’ हॉररचा! मराठीत त्रास डासांचाही होतो. शब्दाची धार इतकी बोथटली आहे. हर्षाची कथा अधिक गुंतागुंतीची. काटा भयाने येतो तसा आनंदानेही; नाट्यशास्त्राने रोमांचाच्या कारणांत दोन्ही गणले आहेत. गीतेत अर्जुनाला विषादाच्या क्षणी रोमहर्ष होतो आणि अखेरीस संजय रोमहर्षण संवाद स्मरून आनंदतो. लॅटिनने या शारीर अनुभवातील भीती उचलली, संस्कृतने मुख्यतः आनंद.

मग हॉररला ‘बीभत्स’ म्हणावे काय? मोह होतो, पण तो टाळलेला बरा. बीभत्साचा स्थायी जुगुप्सा. तिथे प्रेक्षक तोंड फिरवतो. हॉररमध्ये दृष्टी खिळून राहते, हीच तर त्याची यातना. ‘भयानक’ हा शब्द टेररला जवळचा खरा, परंतु रॅडक्लिफला अभिप्रेत असलेला चित्तविस्तार त्यात आपोआप येत नाही. (‘पॅनिक’चे मूळ ग्रीक देव पॅनपाशी जाते, त्या शब्दाने समीक्षेला फारसे छळलेले नाही.)

खरी अडचण राजकीय अर्थाची आहे. बर्कने १७५७ मध्ये टेररला उदात्ताचे अधिष्ठान मानले. १७९० मध्ये त्यानेच फ्रेंच राज्यक्रांतीवर कठोर टीका केली; १७९३-९४ मध्ये तिथे ‘टेरर’ हे राज्यशासनाचेच नाव झाले. इंग्रजी वाचकाला बर्कचे सौंदर्यशास्त्र वाचताना गिलोटिनची सावली टाळता येत नाही, कारण शब्द तोच आहे. मराठीत रसचर्चेसाठी ‘भय’ आणि सत्तेसाठी अरबीतून फारसीमार्गे आलेली ‘दहशत’ अशी वाटणी झाल्याने, बर्कच्या मराठी अनुवादातून ती सावली नाहीशी होते.