सोयरा

भाचीच्या बारशासाठी नावांची यादी चालली आहे. आराध्या, अन्वी, कियारा. मी 'सोयरा' सुचवलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही, मग वहिनी म्हणाल्या, "अहो, ती संभाजीराजांची सावत्र आई ना?"

एवढ्यावरच नाव बाद. 1674 च्या राज्याभिषेकात महाराजांशेजारी पट्टराणी म्हणून बसलेली, हंबीरराव मोहित्यांची बहीण, राजारामांची आई. पण कादंबऱ्या-नाटकांनी तिला कारस्थानी करून ठेवलं. वारसाच्या भांडणात राजवाड्यातले पुरुष काय धुतल्या तांदळासारखे होते? पण पुरुषांची नावं चालत राहतात.

मला मात्र आठवली होती दुसरी सोयरा, तिच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीची, चोखोबांची बायको. घरात सगळेच अभंग रचणारे: नवरा, मुलगा कर्ममेळा, नणंद निर्मळा, तिचा नवरा बंका. देवळाची पायरी चढायची बंदी आणि इकडे ही बाई विटाळ म्हणजे नेमकं काय, असं थेट विठ्ठलालाच विचारते. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग शुद्ध कोण? चौदाव्या शतकात! अभंगाच्या शेवटी स्वतःची ओळख देते ती चोख्याची बायको म्हणून, जातीसकट.

नावाचा अर्थ साधा: नात्यातलं माणूस, आपलं. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या घरात हे नाव होतं.

यादीत आता 'मायरा' पुढे आहे. उच्चाराला जवळच म्हणायचं.