किती कमी पुरेल?

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते भारतात घडवलेल्या पहिल्या कार-टी उपचाराचं लोकार्पण झालं आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डहाणूच्या ओपीडीत तोच एक प्रश्न येत राहिला. चिकूवाडीचे मालक, आश्रमशाळेतले गुरुजी, वाणगावचा रिक्षावाला, सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी. ‘मॅडम, कॅन्सरवरचं ते नवीन औषध आलंय म्हणे. मग आमच्या वडलांना का नाही देत?’ वडलांना असतो तोंडाचा कॅन्सर. उभा जन्म तंबाखू-चुना गालात धरलेला, आता तोंड दोन बोटंही उघडत नाही. ते औषध त्यांच्यासाठी नाही, हे समजावताना बातमी देणाऱ्यांचं राहिलेलं काम आपण पुरं करतो आहोत असं मला दर वेळी वाटतं.

कार-टी हे बाटलीत भरून ठेवलेलं औषध नव्हेच. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि त्याच रुग्णाला परत देतात. नव्या जनुकामुळे या पेशींना सीडी१९ नावाचं प्रथिन ओळखता येतं आणि ते ज्या पेशीवर दिसेल तिला त्या मारतात. सीडी१९ असतं रक्तातल्या बी-पेशींवर. म्हणून बी-पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमिया आणि लिम्फोमावर हा उपचार चालतो. गालाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या गाठीवर सीडी१९ नसतं. तिथे नेम धरावा असं जे प्रथिन सापडतं, ते बहुधा निरोगी पेशींवरही असतं. शिवाय घट्ट गाठीच्या आत शिरलेल्या टी-पेशी लवकरच लुळ्या पडतात. यावर जगभर काम चालू आहे, पण उत्तर हाती आलेलं नाही.

यात कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही चिमुरडी या उपचाराने वाचली आणि २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तेव्हा किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. आयआयटीतले राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे हसमुख जैन, गौरव नरुला यांच्या चमूंनी तेच काम इथे उभं केलं. २०२१ मध्ये टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ला मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त ६४ रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. ज्यांच्यात परिणाम मोजता आला, त्यांतल्या ७३ टक्के रुग्णांमध्ये आजाराने माघार घेतली होती. किंमत अमेरिकेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे तरीही तीस-चाळीस लाख रुपये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची वाढवलेली मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची आहे. हिशेब वाचकांनीच करावा.

आमच्या डहाणू-तलासरीला मात्र वेगळ्याच प्रकारचं संशोधन अधिक उपयोगी पडतं. त्याचं लोकार्पण होत नाही, कारण त्यात नवीन असं काही विकायला नसतं. औषधं जुनी, प्रश्न नवा: किती कमी पुरेल?

सर्वांत धीट उदाहरण निव्होल्युमॅबचं. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कॅन्सर तो दाबून धरतो, हे औषध तो सोडवतं. या ब्रेकच्या शोधासाठी जपानचे तासुकु होन्जो २०१८ च्या नोबेलचे एक मानकरी झाले. ठरलेली मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि खर्च असा की टाटासारख्या रुग्णालयातसुद्धा ज्यांना ते द्यायला हवं त्यांतल्या ३ टक्क्यांनाही मिळत नव्हतं. पण सुरुवातीच्या अभ्यासांतच एक गोष्ट नोंदलेली होती: अगदी थोड्या मात्रेतही टी-पेशींवरचे बहुतेक सगळे पीडी-१ व्यापले जातात. मग बाकीचं औषध शरीरात करतं काय? टाटामधल्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष यांच्या गटाने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तीन गोळ्या. दुसऱ्याला याच गोळ्या आणि वर दर तीन आठवड्यांनी निव्होल्युमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के.

हा आकडा मी परिषदेत प्रथम पाहिला तेव्हा माझ्या शेजारचा युरोपातला डॉक्टर म्हणाला, ‘तुमच्याकडे हे चालेल.’ मला ते टोचलं, पण त्याच्या म्हणण्यात एक खरा मुद्दा दडला होता. ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती. वीस मिलिग्रॅम म्हणजे दोनशे चाळीसइतकंच, असं या चाचणीने सिद्ध केलेलं नाही. काहीच न मिळण्यापेक्षा ते पुष्कळ बरं, एवढं सिद्ध केलं. ज्याची ऐपत आहे त्याला मी आजही पूर्ण मात्रेबद्दल सांगते. उरलेल्यांना वीस मिलिग्रॅम, आणि ते देताना कमी प्रतीचा उपचार देते आहे असं मला वाटत नाही, कारण ‘कमी’ इथे मोजून पाहिलेलं आहे. न मोजता मात्रा कापणं ही निव्वळ फसवणूक, आणि तीही आपल्याकडे चालते.

निव्होल्युमॅबचीही ऐपत किंवा सोय नसेल तर नुसत्या गोळ्या उरतात. २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये टाटाचीच ४२२ रुग्णांची चाचणी आली. शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ६.१ महिने, तोंडाने मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांचं ७.५ महिने, आणि त्रासही कमी. दीड महिन्याच्या फरकाला काय कवटाळायचं, असं मुंबईतले सहकारी विचारतात. मी त्यांना सिस्प्लॅटिनचा दिवस सांगते. तलासरीला रेल्वे नाही. पाड्यावरून चालत सडकेला यायचं, मिळेल त्या जीपने डहाणू रोड गाठायचं, विरारला गाडी बदलायची, प्रभादेवीला उतरून परळला टाटात जायचं. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून हे जरा सुधारलं, तरी सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर सलाइन लागतं, आणि सलाइन संपेपर्यंत परतीची गाडी गेलेली असते. बरोबर आलेल्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच. दादरच्या गाडगेबाबा धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. हे सगळं करून जे मिळणार, ते आणि त्याहून थोडं जास्त जर घरी बसून गोळ्यांनी मिळत असेल, तर तो दीड महिना वरकड समजावा.

गोळ्यांचीही एक धास्ती आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडभर फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. औषधाच्या चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ लिहून भागत नाही. आमची नर्स विचारते, ‘बाय, तुमचा बाजार कवा?’ आणि त्या दिवसाचीच गोळी म्हणून वेगळ्या पुडीत बांधून देते. आठवडी बाजार कोणी विसरत नाही.

आणखी एक पंचाईत या भागाची खास. इथे आदिवासींमध्ये सिकलसेल आढळतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी आपण जी इंजेक्शनं सहज देतो, तीच सिकलसेलच्या रुग्णात जीवघेणा झटका आणू शकतात. म्हणून केमोआधी ती तपासणी मी करतेच. उलट बाजूने पाहावं तर सिकलसेलचं मुख्य औषध हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कॅन्सरचं औषध. कोणीतरी मोबाइलवर ते शोधतं, ‘आमच्या पोरीला कॅन्सर झालाय आणि तुम्ही लपवताय’ म्हणून घरचे येऊन बसतात, आणि त्या दिवशीची ओपीडी लांबते.

कमी मात्रेसारखेच कमी दिवस. स्तनाच्या कॅन्सरनंतर किरणोपचार पूर्वी पाच आठवडे चालायचे, मग तीन झाले. २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने चार हजारांहून अधिक स्त्रियांवर दाखवलं की निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळा किरण देऊनही तोच परिणाम मिळतो. लंडनच्या बाईचे त्यात प्रवासाचे दिवस वाचले. डहाणूच्या बाईचं यात घर वाचतं, कारण पाच आठवडे घराबाहेर राहायचं म्हटल्यावर कित्येकजणी उपचारच सोडतात. टाटाचे राजेंद्र बडवे यांनी तर याहून सोपं काही करून पाहिलं: स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन, तेच जे दात काढताना देतात. १,६०० स्त्रियांची चाचणी, ११ केंद्रं, २०२३ मध्ये निष्कर्ष: पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत. तुलनेच्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, हा आक्षेप रास्त आहे. पण शंभर रुपयांच्या औषधाची चाचणी कोणती कंपनी पुन्हा करील?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरकडे वळलं की ‘किती कमी’ या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. देशात दर वर्षी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो होतो. त्यावरचं जगाला दिशा देणारं काम महाराष्ट्रात झालं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आधाराने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांची चाचणी झाली. तिथे व्हिनेगर एकदाच लावल्याने मृत्यू फारसे घटले नाहीत, पण एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. शिबिरात व्हिनेगर एकदा लावून फोटो काढणाऱ्यांनी हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःच आडोशाला जाऊन घेऊ शकते. डॉक्टरीण नाही, तपासायचं टेबल नाही, लाजेचा प्रश्न नाही. तलासरीत याची मला सगळ्यात जास्त आशा वाटते.

पण या दोन्ही चाचण्यांत तुलनेच्या गटातल्या हजारो स्त्रियांची तपासणी झालीच नव्हती. त्यांना फक्त माहिती दिली गेली. देशात तेव्हा तपासणी मुळात प्रचलितच नव्हती, असं समर्थन झालं. मला ते पुरतं पटलेलं नाही, आणि मी त्याच निष्कर्षांवर रोज काम करते.

एचपीव्हीच्या लशीचीही अशीच गोष्ट. २००९ मध्ये मुलींना दोन डोस द्यावेत की तीन, याचा मोठा अभ्यास पुणे आणि बार्शीसह अनेक केंद्रांत सुरू झाला. त्याच सुमारास खम्मम आणि वडोदऱ्याच्या वेगळ्याच एका प्रकल्पातल्या काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत लशीशी संबंध आढळला नाही, पण आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्याचं उघड झालं. २०१० मध्ये लसीकरणाचे सगळेच अभ्यास थांबवले गेले, आणि हजारो मुली एका डोसवरच राहिल्या. पुढची दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला तेव्हा कळलं, एक डोसही तितकंच संरक्षण देतो. आज जग एका डोसकडे वळलंय, त्याला या अपघाताचाही हातभार आहे. पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हावॅक’ बाजारात आहे. तरीही आश्रमशाळेत लशीबद्दल बोलायला जाते तेव्हा मी मुख्याध्यापकांची सही घेत नाही, पालकसभेची तारीख मागते. वेळ लागतो. लागू दे.

संमतीचं हे प्रकरण माझ्यासाठी पुस्तकी नाही. इथले काही रुग्ण मी चाचण्यांसाठी पाठवते. माहितीपत्रक मराठी, हिंदी, इंग्रजीत असतं, घरात बोलली जाते वारली. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, तो बहुधा वॉर्डातला दुसऱ्याच कोणा रुग्णाचा नातलग असतो. मी चिठ्ठ्या काढण्याच्या भाषेत सांगते: कोणाच्या वाट्याला कुठला उपचार येईल ते डॉक्टर ठरवत नाही. त्यावर पहिला प्रश्न येतो तो, ‘चिठ्ठीत नाय निघाला तं?’ तर आज जो उत्तम उपचार आहे तो मिळेल, असं मी सांगू शकते. दुसरा प्रश्न अवघड असतो: ‘आवणीच्या येळंला सोडशील का?’ जुलैत भाताची आवणी, आणि दिवाळीत वाघबारस झाली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या. माणूस पाड्यावर असतो तो मधल्या काळात. तपासणीच्या तारखेला तीनेक दिवस मागे-पुढे अशी सवलत बहुतेक आराखड्यांत असते. आवणी तीन दिवसांत उरकत नाही. त्यामुळे आमचे रुग्ण ‘पाठपुराव्यातून गळाले’ या रकान्यात जातात, आणि पुढच्या वेळी त्यांना घ्यायला मुख्य केंद्र कां-कूं करतं. पुढच्या चाचणीत आमच्या केंद्राचं नाव यायचं असेल तर ती सवलत दहा दिवसांची मागायची, असं मी ठरवलंय. संख्याशास्त्रज्ञ कुरकुरतील, त्यांना पावसाळ्यात एकदा तलासरीला घेऊन यायची माझी तयारी आहे.