पात्र

बीजिंगच्या २०२२ सालच्या हिवाळी पॅरालिम्पिकमधला व्हीलचेअर कर्लिंगचा अंतिम सामना आम्ही पाहिला तो फार उशिरा, संगणकावर, आणि आमच्या मावशीच्या शेजारी बसून. बर्फाशी आम्हां दोघांचा संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता. तरीही चीन आणि स्वीडन यांचा तो सामना आम्ही शेवटपर्यंत पाहिला.

खेळ समजायला अवघड नाही. सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी, पलीकडच्या टोकाला रंगवलेली वर्तुळे (त्यांना 'घर' असेच म्हणतात) आणि जवळजवळ २० किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड. आपला दगड घरात नेऊन ठेवायचा, जमल्यास दुसऱ्याचा बाहेर घालवायचा. कॅरम खेळलेल्याला यापेक्षा अधिक सांगावे लागत नाही. उभ्याने खेळायच्या कर्लिंगमध्ये दगड सुटल्यावर दोघेजण त्याच्यापुढे बर्फ घाशीत धावतात. त्याने दगड थोडा लांब जातो आणि कमी वळतो. खुर्चीवरच्या खेळात हे घासणे नाही. खुर्ची स्थिर ठेवायची, पाय बर्फाला लागू द्यायचे नाहीत, दगड हाताने वा लांब काठीने सोडायचा. सुटला की सुटला. मग सगळे नुसते बघत राहतात. दगडाच्या वजनात सवलत नाही.

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली झाली आणि २००६ साली तुरीन येथे तो पॅरालिम्पिकमध्ये आला. पहिली तीन सुवर्णपदके कॅनडाची, पुढची दोन चीनची. असो.

मध्येच मावशीने विचारले, "यांतलं कोणीच उठून चालू शकत नाही का रे?"

प्रश्न साधा होता, उत्तर नव्हते. आम्ही तिला नियमाचा जुना मजकूर ढोबळ मराठीत सांगितला : ज्याच्या पायांत मोठा दोष आहे, जो रोजच्या हिंडण्याफिरण्यासाठी सामान्यतः व्हीलचेअर वापरतो, जो मुळीच चालू शकत नाही किंवा अगदी थोडेच अंतर चालू शकतो, तो पात्र. पोहणे-धावणे यांत दोषाच्या तीव्रतेप्रमाणे अनेक वर्ग असतात. इथे तसे वर्ग नाहीत. तपासनीस कागद पाहतात, अवयव तपासतात, खेळताना पाहतात, आणि माणूस एक तर आत असतो नाही तर बाहेर. ज्याची बोटेही नीट मिटत नाहीत तो आणि ज्याचे दंड पैलवानाचे आहेत तो, दोघे एकाच संघात.

"म्हणजे थोडं चाललं तर चालतं," मावशी म्हणाली आणि गप्प झाली.

तिच्या गप्प होण्याचे कारण आम्हांस ठाऊक होते. मावशीला लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर घालून ती शाळेत गेली, पुढे शिक्षिका होण्यासाठी अर्ज करायचा म्हणून जिल्ह्याच्या गावी एका इस्पितळात दाखला काढायला गेली. १९९५ च्या कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व लागे. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, ४० चा आकडा तसाच ठेवला. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. मावशीने नवे पातळ नेसले होते. परक्या माणसापुढे लंगडायचे नाही ही तिची जन्माची सवय. ती दारापासून टेबलापर्यंत शक्य तितकी ताठ चालत गेली. दाखल्यावर ३५ लिहून आले.

वर्षभराने ती पुन्हा गेली, या वेळी कोणाची तरी मागून आणलेली व्हीलचेअर घेऊन. कॅलिपर घरी ठेवले होते. तिला चालायला कोणी सांगितलेच नाही. दाखल्यावर ५० आले. पाय तोच होता. नोकरी लागली, ती सन्मानाने निवृत्तही झाली. पण त्या दिवशी आपण खोटे वागलो की पहिल्या दिवशी, हा प्रश्न तिने आम्हांला एकदाच विचारला आहे, आणि आम्ही त्याचे उत्तर दिलेले नाही.

तपासनीस नकोतच, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो. पण २००० साली सिडनीत बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्णपदक मिळवले आणि संघातल्या १२ पैकी १० जणांना तसे काही अपंगत्व नव्हते असे उघड झाले. त्याची शिक्षा भोगली ती खऱ्या खेळाडूंनी : २०१२ च्या लंडनपर्यंत त्या गटाला पॅरालिम्पिकचे दार बंद राहिले. तेव्हा दार हवे, दारावर कोणीतरी हवे. मात्र दारावरच्याला कायमचे आणि मोजता येणारेच दिसते. लंडनमध्ये सुवर्णपदक मिळवणारी अमेरिकन जलतरणपटू व्हिक्टोरिया आर्लेन २०१३ साली अपात्र ठरली, कारण तिचा दोष कायमचा असल्याचे सिद्ध होईना. ब्रिटनचा बास्केटबॉलपटू जॉर्ज बेट्स २०२० साली अपात्र ठरला. त्याच्या पायाला असह्य वेदनांचा विकार आहे, आणि मान्य झालेल्या दहा दोषांत वेदना नाही. पाय कापून घेतला तर आपण पात्र ठरू, हा विचार त्याला करावा लागला.

मराठीत 'पात्र' म्हणजे लायक आणि नाटकातले पात्रही. मावशी दोन्ही अर्थांनी पात्र ठरली.

कर्लिंगचा तो जुना नियम आम्हांला टक्क्यांपेक्षा बरा वाटला होता, कारण तो माणूस जगतो कसा हे विचारतो. पण मावशीकडे पाहताना त्यातली खोच लक्षात आली. 'सामान्यतः व्हीलचेअर वापरतो' हे वाक्य ज्या देशांत सुचले असेल तिथे फूटपाथला उतार असतो. आमच्या गावात पोस्टाला पाच पायऱ्या, शाळेला सात, आणि रस्ता असा की खुर्चीचे चाक पहिल्याच वळणाला रुतावे. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे नाव 'चाकाची खुर्ची' आहे. ते वाचूनही आमच्या घरात चाकाची खुर्ची आली नाही, कारण ती उंबऱ्यातून आत येणार नव्हती. तोच पाय दुसऱ्या देशात असता तर मावशी कदाचित खुर्चीतून हिंडली असती आणि नियमात बसली असती. इथे ती भिंत धरून चालली.

सामन्यात एक खेळाडू दगड सोडण्याच्या तयारीत होता. त्याच्या मागे दुसऱ्याने आपली खुर्ची आणून लावली आणि त्याची खुर्ची दोन्ही हातांनी धरली.

"तो ढकलतोय का त्याला?"

"नाही मावशी. बर्फावर खुर्ची मागे सरकू नये म्हणून नुसती धरून ठेवतो."

"पुन्हा दाखव ते," मावशी म्हणाली. आम्ही चित्रफीत थोडी मागे नेली.