बाबांची कैची

आमच्या भंडारा जिल्ह्यात कष्ट म्हणजे गुडघाभर चिखल. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत कंबर वाकवून उभा असलेला माणूस कष्टाळू आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. बसून काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. माझे बाबा जन्मभर बसून राबले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पायाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं आणि उजव्या हातात कैची. पवनीतल्या आमच्या घराच्या सपरीत ते बिड्या वळत.

कैची साधी, लोखंडी. मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, तरी अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेलाच होता. शाळा सुटली आणि आजोबांनी त्यांना कारखान्यात बसवलं, तेव्हाची ती. त्या काळी बिडीचं काम कारखान्यात चाले, पुरुष ओळीनं बसत. मग १९६६ साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला. कामाचे तास, रजा, हवा, पाणी यांची जबाबदारी मालकावर आली. कित्येक मालकांनी ती टाळायला कारखानेच आवरले आणि ठेकेदारामार्फत पान-तंबाखू घरोघरी पाठवायला सुरुवात केली. मजुराच्या भल्यासाठी केलेल्या कायद्यातून अशी पळवाट निघाली, याचा मला अजूनही संताप येतो. काम घरात शिरलं आणि हळूहळू बायकांचं ठरलं. बाबांच्या बरोबरीचे कुणी हमालीला गेले, कुणी नागपूरला बांधकामावर. बाबा सपरीत मायच्या शेजारी बसले. ‘बायकांत बसते’ असं लोक त्यांच्या देखत बोलत. ते पान कापत राहत.

कापण्यातच सगळं होतं. उन्हाळ्यात पवनीच्या आसपासच्या जंगलात भल्या पहाटे पानं तोडली जातात, सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, वाळत घालतात. आमच्या घरी येईपर्यंत पान वाळून कडक झालेलं असे. रात्री ते भिजवायचं, सकाळी मऊ झालं की त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि कडेनं कैची फिरवायची. हजार बिड्यांना पानं वजनानं मोजून मिळत. कमी पडली तर पदरची घालायची. म्हणून बाबा पान आधी उजेडाकडे धरून बघत. कुठं भोक आहे, कुठं जाड शीर आहे, फर्मा तिरपा ठेवला तर दुसरा तुकडा निघेल का. हे सगळं एका नजरेत. मायचा हात वळण्यात त्यांच्यापेक्षा चलाख होता. कापण्यात मात्र बाबांसारखं कुणी नव्हतं. त्यांनी वाचवलेल्या पानांवर आमच्या घरात तेल यायचं, असं माय म्हणे. मला ते अगदी खरं वाटतं.

वळलेल्या बिडीचं तोंड नखानं दुमडायचं, दोरा बांधायचा, पंचवीसचा एक कट्टा. संध्याकाळी ठेकेदाराकडे माल न्यायचा. तिथं छाट व्हायची. ही सैल आहे, ही आखूड आहे, म्हणत मूठभर बिड्या बाजूला पडत. त्यांचे पैसे नाहीत आणि त्या परतही मिळत नसत. बाबा तिथं वाद घालत नसत. घरी येऊन दुसऱ्या दिवसाची पानं भिजवायला टाकत.

त्या कैचीनं कागद कापायची आम्हाला बंदी होती. “कागदानं धार मरते, बाबू,” एवढंच ते म्हणत. पण शाळा सुरू झाली की ते स्वतः खाकी कागद पुढ्यात घेत आणि आम्हा तिन्ही भावंडांच्या पुस्तकांना कव्हरं घालून देत. कोपरे असे बसत की वर्षभर निघत नसत. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यानंतर बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मला मिळाली, त्यावर वह्या आल्या. त्या साली त्यांनी वह्यांनाही कव्हरं घातली.

रोवणीला मात्र कैचीला तेल लावून ती आढ्याला खोचली जाई आणि घरातले सगळे बांधीत उतरत, बाबाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला ते आम्हाला घेऊन जात, रात्रभर दंडारीचं लोकनाट्य बघत. सकाळी न झोपता सुपावर बसत.

बाबांनी स्वतः बिडी कधी ओढली नाही. तरी तंबाखूच्या धुळीनं खोकला धरलाच. २००९ मध्ये पाकिटांवर धोक्याची चित्रं छापून येऊ लागली. धाकट्या बहिणीनं त्यांना एक बंडल आणून दाखवलं. ते बराच वेळ त्याकडे बघत होते. “आपण हे लोकाईले देलं,” ते म्हणाले. माय म्हणाली, “आपण लेकरं शिकवली.” मी दोघांच्याही बाजूनं आहे. ज्या कामानं आमची पोटं भरली, त्यानं कुणाची तरी छाती पोखरली, आणि आम्हाला दुसरं काम कुणी दिलं नव्हतं.

बिडी कामगार भविष्य निधीत आले ते १९७७ साली. म्हणून म्हातारपणी बाबांना निवृत्तिवेतन लागलं. २०१४ पासून ते किमान हजार रुपये झालं. त्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो यंत्रावर बोट ठेवून द्यायची पद्धत आली. सेवा केंद्रातल्या पोरानं त्यांचा अंगठा ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट. ओली पानं आणि दोरा यांनी बोटांवरच्या रेषा कधीच झिजवून टाकल्या होत्या. यंत्र बाबांना ओळखेना. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबरात ते केंद्रात शिरले की पोरानं काही म्हणायच्या आत करंगळीच पुढं करत.