अब्बांकडची अमानत

अब्बांच्या इंतकालानंतर वाटणीचा विषय निघाला, तेव्हा आम्ही भावंडांनी आधी हिशेबाची वही आठवली. सूरह अन-निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना ‘वसीयत आणि कर्ज यांच्या पूर्ततेनंतर’ ही अट स्पष्ट घातलेली आहे. मोहल्ल्यातल्या बायका अब्बांच्या दुकानात थोडेथोडे पैसे ठेवायला देत. कुणाचे किती, ते त्या वहीत होते. पण वही 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणच्या पुरात गेली आणि चार महिन्यांनी अब्बाही गेले.

पुराआधी भाच्याने वहीच्या 64 पानांचे फोटो काढून वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते. मूळ वही गेल्यावर ती नक्कलच अस्सल ठरली. आणि आता त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अडखळू लागली. एक फोल्डर उघडायला दहा-दहा मिनिटे लागत.

हार्ड डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात. वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगते. टकटक आवाज येत असेल, तर वीज बंद करून डिस्क जाणकाराकडेच न्यावी. घरी ती उघडू नये, धुळीचा कणही तिला पुरतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्लाही आम्हाला मिळाला. तो मानला नाही, कारण त्याने आत दव धरते.

आमच्या डिस्कचा आवाज नेहमीचाच होता, ती फक्त मंदावली होती. म्हणून घरीच प्रयत्न करायचे ठरले. आजारी डिस्कवर दुरुस्ती करायची नाही, काही लिहायचेही नाही. आधी ती आहे तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. त्यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो आधी निरोगी भाग उचलतो, अडेल तिथे थांबून न राहता पुढे जातो आणि अवघड जागांकडे शेवटी परततो. काय वाचून झाले याची नोंदही ठेवतो. परीक्षेत मुलांना आम्ही हेच सांगतो : येतात ते प्रश्न आधी सोडवा.

दोन रात्री तो चालू होता. नंतर नव्या प्रतीतून फोटो उघडले. 61 पाने स्वच्छ निघाली, तीन पानांचा खालचा अर्धा भाग करडा होता.

इथे अब्बांची शिस्त कामी आली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांनी मागील बेरीज लिहिलेली होती. त्यामुळे नावे गेली, तरी रकमा किती ते कळले. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत एलान केले, घरोघरी विचारले. दोन पानांच्या बायकांनी सांगितलेले आकडे बेरजेशी तंतोतंत जुळले. तिसऱ्या पानावरचे 2,400 रुपये अजून कुणी मागितलेले नाहीत. मौलाना म्हणाले, शोध सोडू नका. तेवढे पैसे पाकिटात घालून वेगळे ठेवले आणि मगच वाटणी केली.

सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि त्यावर साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. आमच्या काळात त्याला एवढेच जोडावे : लिहिलेले दोन ठिकाणी असावे, त्यातले एक दुसऱ्या घरी. आणि दोनांतले एक गेले, तर त्याच दिवशी दुसरे तयार करावे. फोटो आपले असतात, पण हिशेब दुसऱ्याचा असतो.